टीव्हीवरचे आई-बाबा

मनीषनगरात सुभद्राबाईंना फसवणं सोपं नव्हतं. भाजीवाल्यानं पारड्याला करंगळी टेकवली तर ती त्यांना फाटकाआडून दिसायची. कामवाली "आज अंग मोडून आलं" म्हणाली की खरंच अंग मोडून आलंय की भाचीचं लग्न आहे, हे त्या तिच्या वेणीवरून ओळखायच्या. नवरा रुपराव, सदरमधल्या एका सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेले, चारचौघांत सांगायचे, "हिले पोलिसात घ्याले पायजे होतं, नागपुरात एक चोर उरला नसता." अशी ही बाई फसली, आणि फसली ती पोटच्या पोराकडून. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या हासडून मोकळं होतं. पोरानं फसवलं तर शिवी द्यायची कोणाला? त्याच्या आईबापांना दिली तर ती आपल्याच अंगावर येते.

पोरगा म्हणजे आयुष, एकुलता एक. सुभद्राबाईंचं माहेर कुहीकडचं, धानाच्या बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं गाव. लग्न होऊन नागपुरात आल्या, भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केला, आणि मनीषनगरात घर बांधलं तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, "जंगलात कायले राहाले जाता?" आता त्या जंगलात स्कूटर लावायला जागा मिळत नाही, हा भाग वेगळा. आयुष त्याच घरातून शिकला आणि पुण्याला संगणकाच्या कंपनीत लागला. आईला तो 'मा' म्हणायचा आणि वडिलांना 'बाबूजी'. घरात मले-तुले, घराबाहेर मला-तुला, हे त्याला शाळेपासूनच जमायचं. पुण्याहून फोन आला की पहिल्याच वाक्यात सुभद्राबाईंना कळायचं, पोरगा एकटा आहे की शेजारी कोणी बसलंय. "मा, मला आत्ता वेळ नाही" म्हणजे कोणीतरी आहे. "मा, मले टाइम नाही" म्हणजे एकटा आहे, आणि खरंच टाइम नाही. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट कौतुकच होतं.

सून नूपुर धरमपेठेतली. तिचे वडील विश्वनाथ बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आई उत्तरा शाळेत मुख्याध्यापिका होत्या. घराणं भोसल्यांच्या वेळी नागपुरात आलेलं, भाषा अशी स्वच्छ की ऐकणाऱ्यानं आधी तोंड धुऊन यावं. माणसं मात्र चांगली. सुभद्राबाईंनी फार शोधलं, पण दोष काढायला जागा सापडली नाही, आणि हीच खरी अडचण होती. साखरपुड्याला निघताना आयुष हळूच म्हणाला होता, "मा, तिथं जरा कमी बोलजो." सुभद्राबाईंनी ते पोराचा सल्ला म्हणून घेतलं आणि त्या दिवशी धरमपेठेत हसण्यावर वेळ मारून नेली. घरी आल्यावर त्यांचे गाल दुखत होते.

आता टीव्हीचं. गच्चीवर डिशची छत्री होती आणि त्याचं रिचार्ज आयुष पुण्याहून मोबाइलवर करायचा. दर महिन्याला "रिचार्ज झालं मा" असा निरोप यायचा, आणि सुभद्राबाई तो निरोप शेजारच्या अंजनाबाईंना वाचून दाखवायच्या, जणू पोरानं मनीऑर्डर पाठवली. संध्याकाळी एक तास त्यांचा, पुढचे दोन रुपरावांचे. रुपरावांना दक्षिणेचे हिंदीत डब केलेले सिनेमे लागायचे, ज्यात हीरो एका बुक्कीत आठजण आडवे करतो. सुभद्राबाईंना खून लागायचा. म्हणजे खुनाच्या तपासाच्या मालिका. सासू-सुनांच्या मालिकांना त्या नाक मुरडायच्या. "तिथं सगळ्याईले माहीत असते विष कोणं घातलं. मंग पाहायचं काय?"

दिवाळीला आयुष आणि नूपुर आले. भाऊबीजेला नूपुर धरमपेठेला गेली. दुसऱ्या दिवशी तिला तिथूनच घेऊन पुण्याला निघायचं, असं ठरलं होतं. त्या संध्याकाळी आयुष आईजवळ जमिनीवर येऊन बसला, चकलीचा डबा मांडीवर घेतला आणि म्हणाला, "मा, हे डिशचं आता काढून टाकू. पाहता तुम्ही दोन चॅनल आन् पैसे भरतो आपण शंभराचे. आम्ही फ्लॅटचा हप्ता भरून राहिलो ना, तं जिथं वाचते तिथं वाचवून पाहून राहिलो."

"काढून टाक," सुभद्राबाई म्हणाल्या. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हणाल्या. आपल्या करमणुकीपायी पोराच्या घराची एक वीट अडून राहिली आहे, हे ऐकल्यावर दुसरं काय म्हणणार? मनात तर त्यांना लाजच वाटली की आपल्याला हे आधी का सुचलं नाही.

रुपराव म्हणाले, "आन् माह्या पिक्चरचं काय?"

"बाबूजी, त्याच्यापेक्षा जास्त दिसंल. माझं ॲप लावून देतो. माझं आहेच, त्याच्यात तुमचं होऊन जाते. वेगळा पैसा नाही लागत." त्यानं टीव्हीच्या मागं बोटाएवढी एक काडी खोचली, वायफाय जोडलं, आणि सकाळी फाटकाशी टॅक्सी हॉर्न वाजवत असताना बूट घालता घालता शेवटचं शिकवलं, "चालू केलं की नाव येते समोर. नावावर दाबायचं. बस."

कोणत्या नावावर, हे विचारायचं सुभद्राबाईंना सुचलं नाही, आणि सांगायचं त्याला. गाडी गेली. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर तीन गोल चेहरे आले. एकाखाली 'आयुष', दुसऱ्याखाली 'नूपुर', आणि तिसऱ्याखाली 'आई-बाबा'.

सुभद्राबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घराच्या दारावर पाटी रुपरावांची, विजेचं बिल रुपरावांच्या नावाचं, गावच्या जमिनीवर नाव भावाचं. उभ्या जन्मात एकाही जागी त्यांचं काही लिहिलेलं नव्हतं, आणि इथे पोरानं आपल्या आणि बायकोच्या रांगेत तिसरं पान मांडून ठेवलं होतं, त्यातही आई आधी, बाबा मागून. त्यांनी रुपरावांना स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "पाहा जी, पाहा. आपल्यालेबी घेतलं त्यानं."

अंजनाबाईंना दुसऱ्या दिवशी खास बोलावून दाखवलं. अंजनाबाईंच्या तोंडाला कधी कुलूप नसे. त्या म्हणाल्या, "आई काहून लिहिलं वं त्यानं? थो तं तुले मा म्हणते."

"लिहाले शुद्ध लागते वं," सुभद्राबाई म्हणाल्या. "शाळेत निबंध लिहिला तं 'माझी मा' लिहिते का कोणी?"

अंजनाबाईंना हे पटलं. डिशची छत्री गच्चीवरून उतरवून रुपरावांनी त्यांनाच देऊन टाकली, आणि त्या उन्हाळ्यात अंजनाबाईंनी तिच्यात मुगवड्या वाळवल्या.

तर ते वर्ष मोठं सुखाचं गेलं. नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात, बाहेर डांबर वितळत होतं, आत कूलरचा घरघराट, त्यावर मात करायला टीव्हीचा आवाज मोठा, आणि सुभद्राबाई एकामागून एक खून निकालात काढत होत्या. फक्त एक गोष्ट त्यांना सुरुवातीला उमगेना. 'आई-बाबा' उघडलं की 'पुढे पाहा' म्हणून एक रांग यायची. त्या रांगेत त्यांचे खून असत, रुपरावांच्या बुक्क्या असत, आणि त्याशिवाय तिसरंच काहीतरी असे. कोणी बुवा तंबोऱ्यावर डोळे मिटून गातोय. कुठल्या तरी परदेशातला स्वयंपाकी पिठाच्या शेवया लाटतोय. समुद्रातले देवमासे. तेही अर्धे पाहून सोडलेले. आधी त्यांनी रुपरावांना धरलं. "दुपारी मी निजली का तुम्ही मासे पाहता?" रुपरावांनी आईची शपथ घेतली.

मग एके दिवशी त्यांना उलगडा झाला, आणि इतका आनंद झाला की हातातलं पीठ तसंच ठेवून त्या बाहेर आल्या. "अहो, हे आयुष लावून राहिला! पुण्याहून. आपण निस्ते खून आन् मारामाऱ्या पाहतो ना, तं त्याले वाटते, मायबापानं दोन चांगल्या गोष्टी पाहाव्या. बोलून दाखवत नाही पोट्टा, लावून ठेवते."

झालं. त्या दिवसापासून तो त्यांचा नेम झाला. पोरानं लावून ठेवलेलं आधी, मग आपलं. देवमाशांचं अख्खं पुराण त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. रुपराव पहिल्याच लाटेला घोरायला लागायचे, पण सुभद्राबाई ताठ बसायच्या. तंबोऱ्यावरच्या बुवांनाही त्यांनी सोडलं नाही. काही कळत नव्हतं, पण पोरगा विचारील तर सांगता यावं म्हणून मान हलवत ऐकलं. एकदा फोनवर त्या म्हणाल्याही, "तू लावलेला मासा पाहिला बरं मी पुरा. पिल्लू मरते त्याचं, तं रडूच आलं."

"कोणता मासा?" आयुष म्हणाला. मग एकदम घाईत आला. "बरं मा, मला मीटिंग आहे, नंतर बोलतो."

मला म्हणाला, म्हणजे कोणी शेजारी असेल, एवढंच सुभद्राबाईंनी धरलं.

दसऱ्याच्या आगेमागे एका संध्याकाळी पडद्यावर चेहरे आलेच नाहीत. पासवर्ड मागणारी एक चौकट आली. सुभद्राबाईंची तेव्हा एका गावातल्या मास्तराच्या खुनाची मालिका शेवटच्या भागावर आली होती. मास्तराच्या भावावर त्यांचा संशय होता, रुपराव म्हणत होते पोस्टमन. त्यांनी पुण्याला फोन लावला. आयुषनं लगेच उचलला, आणि किती गोडीनं बोलला! सगळं मले-तुलेमध्ये, लहानपणी बोलायचा तसं.

"मा, कंपनीनंच बंद केलं वं. आता म्हणते एकाच घरात चालंल, दुसऱ्या घरी नाही. सगळ्याईचंच बंद झालं. नूपुरच्या घरचंबी झालं. मी पाहून राहिलो दुसरं काही होते का. तवरिक थांबा जरा."

"अरे मंग एवढं तोंड काहून पाडतं?" सुभद्राबाईच त्याला समजवायला लागल्या. "टीव्हीच तं आहे. तू जीवाले नको लावून घेऊ."

नंतर रुपराव दोनदा म्हणाले की माझ्या पेन्शनीतून डिश परत घेऊ. सुभद्राबाईंनी नाही म्हटलं. पोरगा थांबा म्हणतो तर थांबायचं, आपण डिश घेतली तर त्याला वाटेल मायबाप रुसले, आणि मग तो कुठून तरी पैसे काढेल. त्यांनी टीव्हीवर भरतकामाचा रुमाल टाकला. संध्याकाळ फार लांब असते, हे त्यांना त्या थंडीत नव्यानं कळलं. रुपराव वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचायचे, त्या पोळ्या झाल्यावर ओटा दोनदा पुसायच्या. कधीकधी मनात यायचं, तिकडे धरमपेठेत उत्तराबाईही अशाच बसल्या असतील बिचाऱ्या, त्यांचंही बंद झालं. आणि त्या एका गोष्टीनं सुभद्राबाईंना आपल्या विहिणीबद्दल पहिल्यांदा जवळीक वाटली. लग्नापासून जे जमलं नव्हतं, ते बंद टीव्हीनं केलं.

संक्रांतीनंतर उत्तराबाईंकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. एरवी सुभद्राबाई काहीतरी निमित्त काढायच्या. या वेळी त्यांनी निळी साडी काढली, तिळाचे लाडू बांधून घेतले आणि वाटेत स्कूटरवर रुपरावांच्या पाठीमागे बसून काय बोलायचं ते जुळवत गेल्या. "चालायचंच विहीणबाई, आमचंही बंदच आहे," एवढं म्हणायचं. मला-तुला न लागता होणारं वाक्य होतं, म्हणून त्यांना ते आवडलं होतं. रुपरावांनी त्यांना फाटकाशी सोडलं आणि ते चहाच्या टपरीवर थांबले.

उत्तराबाईंचा दिवाणखाना बायकांनी भरला होता. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, अत्तराचा वास सुटला. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर हलक्या आवाजात कोणी बासरी वाजवत होतं. सुभद्राबाईंनी विचार केला, मोबाइलवरून काही लावलं असेल. तेवढ्यात बासरी संपली. उत्तराबाईंनी दुसरं काही लावायला रिमोट उचलला, आणि पडद्यावर तीन गोल चेहरे आले. आयुष. नूपुर. आई-बाबा.

खरं सांगायचं तर सुभद्राबाईंना पहिल्या क्षणी आनंदच झाला. ओळखीचं माणूस अचानक भेटावं तसा. आपलं नाव इथेही आहे, असं त्यांना वाटलं. मग उत्तराबाईंनी सवयीनं, न पाहता, 'आई-बाबा'वर दाबलं.

"तुमचं... परत चालू झालं का?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"बंद कुठे झालं होतं?" उत्तराबाई हसल्या. "लग्न झाल्या झाल्या आयुषनं लावून दिलंय. नाव बघा ना कसं घातलंय, आई-बाबा! मी म्हटलं, अरे, आमची नावं घाल ना साधी. तर म्हणाला, नाही, मी तुम्हाला आई-बाबाच म्हणणार. जावई कसला, मुलगाच मिळाला हो आम्हाला, सुभद्राताई. तुमचे संस्कार."

सुभद्राबाईंनी मान हलवली. तंबोऱ्यावरच्या बुवाला हलवायच्या तशीच. अंजनाबाईंनी जे एका वाक्यात विचारलं होतं, ते आपण निबंधाचा दाखला देऊन उडवून लावलं, हे त्यांना आठवलं. ही पाटी आपल्यासाठी नव्हतीच. आपण दुसऱ्याच्या ताटावर बसून वर्षभर जेवलो, आणि वर पोरानं वाढलं म्हणून सांगत सुटलो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी त्यांनी गिळलं असतं. चूक त्यांची होती; नाव विचारून घ्यायला हवं होतं. पण सोफ्यावरच्या एक बाई म्हणाल्या, "पण तुमचं ते हॅक झालं होतं ना गं मध्ये?"

"अगं, विचारू नकोस!" उत्तराबाईंनी कपाळाला हात लावला. "कुणीतरी घुसलं होतं. आमच्या यादीत रोज काहीतरी भलतंच. खून काय, मुडदे काय, ते दक्षिणेतले मारामारीचे सिनेमे काय. ह्यांचा देवमाशांचा माहितीपट अर्धा राहिला होता, दुसऱ्या दिवशी बघतात तर संपवलेला! ह्यांना तर भीतीच वाटायला लागली, म्हणाले, आपलं बँकेचं पण बघतील. शेवटी मी आयुषला फोन केला. तो म्हणाला, हो आई, कुणीतरी घुसलेलं दिसतंय, तुम्ही काळजी करू नका. त्याच दिवशी पासवर्ड बदलला बिचाऱ्यानं."

"आवडीवरूनच कळतं ना, कसले लोक असतील," सोफ्यावरच्या बाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. उत्तराबाईही हसल्या, पण त्यांच्या हसण्यात खोट नव्हती. त्यांना बापड्यांना काय ठाऊक?

पडद्यावर 'पुढे पाहा'ची रांग उघडी होती. तिच्या अगदी टोकाला मास्तराच्या खुनाची मालिका होती, खाली लाल रेघ जवळजवळ शेवटाला टेकलेली. तिथवर सुभद्राबाई पोचल्या होत्या. बायका त्यांच्याकडे पाहत होत्या. जावयाची आई आहे, काहीतरी बोलेल म्हणून. त्यांच्या जिभेवर आलं होतं, अगदी ओठापर्यंत: मीच ती. मीच घुसली होती. माझ्या पोरानं दार उघडून दिलं होतं. पण ते बोललं की उद्या या घरात पोराचं तोंड काय राहील? हो आई, कुणीतरी घुसलंय, असं सांगणारा जावई खोटारडा ठरेल. ज्यानं आपली अब्रू झटकून टाकली, त्याची अब्रू आपण पदराखाली धरून बसलो आहोत, हे त्यांना दिसत होतं, आणि तरी हात सुटत नव्हता.

"होय बाई," त्या म्हणाल्या. "आजकाल कोणाच्या घरात कोण घुसते, सांगता येत नाही."

घुसतं नव्हे, घुसते म्हणाल्या. जुळवून आणलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. उत्तराबाईंनी ओटी भरली, वाण म्हणून स्टीलची चहाची गाळणी दिली, फाटकापर्यंत सोडायला आल्या, आणि "पुन्हा निवांत या" म्हणाल्या, तेही मनापासून.

घरी आल्यावर सुभद्राबाई साडी न बदलता बैठकीत बसल्या आणि रुपरावांना सगळं सांगितलं. रुपराव आधी हसले. देवमाशांचा माहितीपट व्याह्यांचा होता, हे त्यांना हसण्यासारखंच वाटलं. मग हसू आपोआप उतरलं. "म्हणजे आपण चोर ठरलो म्हणा," ते म्हणाले. "आन् पोट्ट्यानं ठरू देलं."

"त्यानं नाही," सुभद्राबाई ताडकन म्हणाल्या. "नूपुरनं केलं हे."

वाटभर त्यांनी हेच रचलं होतं. पोरगा असा नाही. तापात आपल्या हाताशिवाय पाणी न पिणारा पोरगा. नूपुरच्या आईचा फोन गेला असेल, नूपुर कपाळाला आठी घालून म्हणाली असेल, तुझ्या घरच्यांना काढ तिथून, माझ्या आईबाबांना त्रास होतोय. म्हणाली असेल, सांगून टाक कंपनीनं बंद केलं म्हणून. पोरगा बिचारा दोन घरांच्या मधे सापडला. असं एकदा मांडलं की सगळं चोख बसत होतं. आजवर सुनेत एक दोष सापडला नव्हता, तो आता घसघशीत सापडला होता, आणि खोटं कशाला बोला, तो सापडल्यानं त्यांच्या जीवाला थोडी ऊबही आली होती. सून म्हणजे शेवटी दुसऱ्याची लेक. तिनं केलेलं सोसता येतं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हेच केलंय, पोराचा गुन्हा सुनेच्या पदरात बांधलाय आणि रात्री सुखानं झोपल्या आहेत.

"तू पाहिलं का तिले करतानी?" रुपराव म्हणाले.

"पाहाले कायले लागते? मले समजते."

रुपराव उठून चहा ठेवायला गेले. संध्याकाळ उतरायला आली होती. सुभद्राबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि तेवढ्यात फोन वाजला. आयुषचाच.

"मा, हळदीकुंकवाले गेली होती म्हणे? आता फोन आला होता तिथून. निळ्या साडीत छान दिसत होती म्हणे तू." तो भराभर बोलत होता. "आन् एक चांगली गोष्ट आहे वं. कंपनीनं परत सुरू केलं. आजच पाहिलं मी. नवीन पासवर्ड पाठवून राहिलो तुले. तुह्यं नाव बी टाकतो वेगळं. मा-बाबूजी असं टाकू?"

"आयुष," सुभद्राबाई म्हणाल्या, "मी पाहिलं तिथं."

त्याच्या गच्चीवरून गाड्यांचा आवाज तेवढा येत होता.

पोरगा सापडला, की सुभद्राबाईंना स्वतःच सापडल्यासारखं झालं. त्यांनी लहानपणी त्याच्या तोंडात घास घालायच्या तसं उत्तर त्याच्या तोंडात घातलं. "तुह्यावर रागावली नाही बाबू मी. मले माहीत आहे, नूपुर म्हणाली असंल. तिच्या मायबापाईचं होतं, तिले नसंल आवडलं. आपुन काय करणार? हो ना? तिनंच म्हटलं ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. तो म्हणाला असता तर त्यांनी तिथल्या तिथे सगळं पोटात घातलं असतं, आणि सकाळी पुन्हा अंजनाबाईंना पोराचं कौतुक सांगायला मोकळ्या झाल्या असत्या.

"नाही मा," आयुष घाईघाईनं म्हणाला, "नूपुरले काहीच माहीत नाही. तिले सांगू नको हं, मा. प्लीज. तिले वाटते तुमचं चालूच आहे. तिले समजलं तं भांडंल माह्याशी, म्हणंल, मा-बाबूजी पाहत होते हे सरळ काहून नाही सांगितलं माझ्या आईला. तुले माहीत आहे ती कशी आहे. तू नको सांगू फक्त."

"नाही सांगत," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

रुपराव चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले. बायकोचा चेहरा पाहून कप तसेच हातात धरून उभे राहिले. "काय म्हणे थो? तिनंच केलं ना?"

सुभद्राबाईंनी टीव्हीवरच्या रुमालाची सुरकुती सरळ केली.

"नूपुर चांगली पोरगी आहे," त्या म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना.